इंग्रजी म्हणी आणि त्यांच्या मराठी जोड्या

जून महिन्यात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत इंग्रजी व्याकरणाची जी पुस्तके खपतात, त्यांतील अनेकांच्या शेवटच्या पानांवर इंग्रजी म्हणींची यादी असते आणि प्रत्येक म्हणीसमोर तिची मराठी जोडीदार छापलेली असते. मुले ही यादी पाठ करतात, परीक्षेत गुण मिळवतात आणि पुढे त्या म्हणीचा तोच अर्थ मनात धरून चालतात. रिकाम्या भांड्यांचा आवाज मोठा, या अर्थाच्या इंग्रजी म्हणीसमोर 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण चपखल बसते, तिच्याबद्दल काहीच म्हणणे नाही. काही जोड्यांनी मात्र मूळ म्हणीचा स्वभावच पालटून टाकला आहे आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

'मेक हे व्हाइल द सन शाइन्स', म्हणजे ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या, या म्हणीसमोर हमखास 'वाहत्या गंगेत हात धुऊन घ्यावे' असे छापलेले आढळते. आपल्याकडे गंगेत हात धुऊन घेणारा माणूस कोणाच्याही कौतुकाचा विषय नसतो. दुसऱ्याच्या खटपटीतून आलेली संधी तो अलगद साधतो, असाच त्या बोलण्याचा रोख असतो. इंग्रजी म्हणीतला शेतकरी याच्या अगदी उलट आहे. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यातही पाऊस कधी येईल याचा नेम नसतो, आणि हिवाळ्यात गुरांना घालायची वैरण मात्र याच उन्हाळ्यात साठवावी लागते. कापलेल्या ताज्या गवतात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असते. ते शेतात पसरून, पुन्हा पुन्हा उलटवून काही दिवस सलग वाळवावे लागते, कारण ओलसर गवताची गंजी रचली तर त्याला बुरशी लागते, आत उष्णता वाढत जाते आणि कधीकधी गंजी आपोआप पेटते. म्हणून ऊन पडले की घरातली सगळी माणसे शेतात उतरत. जॉन हेवुड यांच्या 1546 सालच्या म्हणींच्या संग्रहात ही म्हण आहे आणि तिच्यात कष्ट वेळेवर करण्याचा आग्रह आहे, लबाडीचा लवलेशही नाही. पुणे जिल्ह्यातला शेतकरी पहिल्या पावसानंतर वापसा येण्याची वाट पाहतो आणि तो आला की दिवस न दवडता पेरणी उरकतो. त्याला ही म्हण एका वाक्यात समजेल.

'स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट', म्हणजे लोखंड तापलेले आहे तोवर घाव घाला, या म्हणीची गतही तीच झाली आहे. तिच्यासमोर 'तापल्या तव्यावर पोळी भाजून घ्यावी' असे लिहितात, आणि आपली पोळी भाजून घेणे म्हणजे स्वार्थ साधणे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. इंग्रजीत ही कल्पना निदान चौदाव्या शतकापासून, म्हणजे इंग्रज कवी चॉसरच्या काळापासून आहे आणि ती लोहाराच्या कामातून आली आहे. हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्याच्या कडेला पाल टाकून विळे आणि कोयते घडवणारे घिसाडी कुटुंब काम करताना थोडा वेळ थांबून पाहावे. भात्याच्या वाऱ्यावर फुललेल्या निखाऱ्यांतून पुरुष लोखंड काढून ऐरणीवर धरतो, समोरची बाई दोन्ही हातांनी घण उचलते, आणि लाल रंग काळवंडू लागेपर्यंत जेवढे घाव बसतील तेवढेच कामाचे. त्यानंतरच्या घावाने आकार तर येत नाहीच, धार धरायच्या जागी चीर पडण्याची भीती असते. म्हणून तुकडा पुन्हा निखाऱ्यांत जातो. या म्हणीत पोळी कोणाची, हा प्रश्नच येत नाही.

सुदैवाने काही जोड्या विलक्षण नेमक्या आहेत. भेट मिळालेल्या घोड्याच्या तोंडात पाहू नये, ही म्हण संत जेरोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिनमध्ये नोंदवली, तीही लोकांच्या तोंडची म्हण म्हणून. घोड्याचे वय दातांवरून ठरते: खालच्या मधल्या दोन दातांच्या माथ्यावरचे खळगे सहाव्या वर्षाच्या सुमारास झिजतात, त्यांच्या शेजारच्यांचे सातव्या आणि कडेच्यांचे आठव्या. विकत घेताना ही तपासणी रास्तच आहे, दान घेताना मात्र अशोभनीय. आपल्याकडे 'धर्माची गाय आणि दात का नाय' म्हणतात; जनावर बदलले, तरी तपासणी आणि तिच्यातला उणेपणा तोच राहिला.

सर्वांत जास्त गैरवापर होतो तो 'अपवादाने नियम सिद्ध होतो' या म्हणीचा. वादात कोणी विरोधी उदाहरण दिले की ते बाजूला सारण्यासाठी ती वापरली जाते, जणू नियमाविरुद्धचे उदाहरणच नियमाला बळ देते. तिचे मूळ कायद्यात आहे. इसवी सनापूर्वी 56 मध्ये रोमन वक्ता सिसेरोने बाल्बस याच्या रोमन नागरिकत्वाच्या बचावात असा युक्तिवाद केला की काही जमातींशी झालेल्या तहांत त्यांच्यापैकी कोणाला नागरिक करून घेऊ नये असे स्पष्ट कलम आहे, तेव्हा ज्या तहात ते कलम नाही तिथे नागरिक करून घेण्यास मुभा असलीच पाहिजे. लक्ष्मी रस्त्यालगतच्या एखाद्या गल्लीत 'रविवारी वाहने लावण्यास परवानगी' एवढीच पाटी असली, तर सोमवारी तिथे गाडी लावू नये हे पुणेकराला कोणी सांगावे लागत नाही. पाटीवर नियम लिहिलेला नसतो, पण नोंदवलेल्या अपवादावरून तो कळतो, आणि या म्हणीचा अर्थ एवढाच आहे.