पार्किंगमधली भिंत

"काय गं, ही कंपाउंडची भिंत पाडायची राहून गेली का?" बाबांनी विचारलं.

2023 च्या जूनमध्ये आई-बाबा पहिल्यांदाच अटलांटाला आले होते. मत्स्यालय झालं, कोका-कोलाचं म्युझियम झालं, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्म झाला ते घर झालं. एका सकाळी मी बाबांना गाडीत घालून शहराच्या दक्षिणेला एका भल्यामोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये घेऊन आले. ऊन तापायला लागलं होतं, डांबराचा वास येत होता. आणि त्या डांबराच्या मधोमध भिंतीचा तो तुकडा उभा होता. त्यावर आकडा होता, 715.

इथे पूर्वी अटलांटा-फुल्टन काउंटी स्टेडियम होतं. 1997 मध्ये ते पाडलं. पण 8 एप्रिल 1974 च्या रात्री ब्रेव्ह्ज या इथल्या बेसबॉल संघाच्या हँक ॲरनने मारलेला चेंडू जिथून कुंपणापार गेला, ती जागा मात्र या शहराने जपून ठेवली.

या शहरात मी 11 वर्षं राहतेय. पहिली दोन-तीन वर्षं बेसबॉलकडे मी ढुंकूनही बघितलं नव्हतं. एकदा ऑफिसातल्या लोकांबरोबर मॅच बघायला गेले. स्टेडियमचा पत्ता '755, बॅटरी अव्हेन्यू'. हा 755 काय प्रकार आहे, असं विचारल्यावर शेजारी बसलेले वयस्कर सहकारी खेळ बघायचं सोडून माझ्याकडे वळले आणि पुढची दोन इनिंग्ज फक्त ॲरनबद्दल बोलत राहिले. ते स्वतः कृष्णवर्णीय, जन्म अटलांटाचाच. त्या रात्री घरी येऊन मी वाचायला बसले ती अजून वाचतेच आहे.

बाबा एसटीत कंडक्टर होते, सांगली डेपोला. क्रिकेट त्यांचा जीव की प्राण. त्यामुळे त्यांना समजावणं सोपं होतं. चेंडू कुंपणापार गेला की होमरन, आपला षटकारच म्हणा. फरक एवढाच की क्रिकेटमध्ये जम बसलेला फलंदाज दिवसभर खेळतो, इथे बॅटरला एका मॅचमध्ये चार-पाच वेळाच संधी मिळते, आणि तीन स्ट्राइक झाले, म्हणजे तीन चांगले चेंडू हुकले, की तो बाद. मॅचेस मात्र हंगामात 162. म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर जवळपास रोज ड्युटी.

"एसटीसारखंच की," बाबा म्हणाले.

ॲरनच्या बाबतीत यापेक्षा नेमकं मला काही सुचलं नसतं. बेब रूथ हे अमेरिकेचं लाडकं दैवत. 714 होमरनचा त्याचा विक्रम 1935 पासून कुणाला गाठता आला नव्हता. रूथने एका हंगामात 60 मारले होते. ॲरनला एकाही हंगामात 50 गाठता आले नाहीत, त्याचा सर्वोच्च आकडा 47. पण सलग 20 हंगाम त्याने 20 पेक्षा कमी कधी मारले नाहीत. जर्सीचा नंबर 44, आणि चार वेगवेगळ्या हंगामांत त्याचे होमरनही बरोबर 44. 23 वर्षांत 3,298 मॅचेस.

आता खरा प्रश्न. तो खरंच सर्वांत मोठा होता का? रूथचे चाहते सांगतात की ॲरनला रूथपेक्षा जवळजवळ 4,000 संधी जास्त मिळाल्या. हे खरंच आहे, आणि नुसती ताकद मोजायची तर मीही रूथलाच वर ठेवीन. दुसरा आक्षेप असा की अटलांटाचं मैदान उंचावरचं, तिथे चेंडू जास्त उडायचा. हा मात्र मला पटत नाही. ॲरनच्या एकूण 755 होमरनपैकी 385 घरच्या मैदानांवरचे आहेत आणि 370 बाहेरचे. यात मैदानाची मेहेरबानी कुठे दिसते? आणि रूथ ज्या लीगमध्ये खेळला तिथे कृष्णवर्णीय खेळाडूंना दारच बंद होतं. देशातले कितीतरी उत्तम पिचर, म्हणजे गोलंदाज, त्याच्यासमोर कधी उभेच राहू शकले नाहीत. तुलना करायचीच तर हेही तराजूत घालायला हवं.

शिवाय ॲरनला नुसता होमरनवाला म्हणणं चूकच आहे. त्याच्या 3,771 हिट्समधून, म्हणजे बेसवर पोचवणाऱ्या फटक्यांमधून, 755 होमरन काढून टाका, तरी 3,016 उरतात. नुसत्या 3,000 हिट्सवर माणूस थोरांच्या पंगतीत बसतो. पण माझा आवडता आकडा वेगळाच आहे, एकूण बेसचा. बेस म्हणजे बॅटरच्या धावायच्या फेरीतले चार टप्पे. साधी हिट म्हणजे एक बेस, होमरन म्हणजे चार. ॲरनचे एकूण बेस 6,856, आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या अल्बर्ट पुहोल्सचे 6,211. दोन बेसमधलं अंतर असतं 90 फूट. बाबांनी तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर हिशेब केला. दोघांमध्ये 645 बेसचं अंतर, म्हणजे साधारण 17.7 किलोमीटर.

"सांगलीहून मिरजेला जाऊन जवळजवळ परत आला की हा!" त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

त्याची सगळी जादू मनगटात होती. चेंडू अगदी जवळ येईपर्यंत हा थांबायचा, आणि मग मनगटं अशी फिरायची की बॅट कधी हलली ते कळायचं नाही. त्याला चकवून फास्टबॉल पुढे काढणं म्हणजे कोंबड्याच्या नकळत सूर्य उगवायला लावणं, असं त्या काळचे पिचर म्हणायचे. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. इथे कोंबडंच इतकं जागं, की तांबडं फुटणार कसं!

ही मनगटं कोणत्या क्लबात तयार झाली नव्हती. अलाबामातल्या मोबील शहरात 1934 मध्ये जन्म, घरची गरिबी. झाडूच्या दांड्याने बाटल्यांची बुचं मारत पोरगं शिकलं. उजव्या हाताचा बॅटर, पण दांडा धरताना हात उलटे, डावा वर आणि उजवा खाली. तशाच पकडीने तो कृष्णवर्णीयांच्या लीगपर्यंत पोचला. 1952 मध्ये इंडियानापोलिस क्लाउन्स संघाबरोबर तो वॉशिंग्टनला गेला होता, तेव्हाची एक आठवण त्याने सांगून ठेवली आहे. संघाने एका हॉटेलात नाश्ता केला. खाणं झालं, आणि आतून ताटल्या फोडल्याचा आवाज यायला लागला. कृष्णवर्णीय माणसं ज्या ताटल्यांत जेवली, त्या धुऊनसुद्धा पुन्हा वापरायच्या नव्हत्या.

हे ऐकल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाळू पालवणकर."

पुण्यातला तो डावखुरा फिरकी गोलंदाज. चांभार कुटुंबातला. मैदानावर सवर्ण खेळाडू त्याच्याबरोबर एकच चेंडू हाताळायचे, पण चहाच्या वेळी त्याचा चहा पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. बाबांच्या लहानपणी गल्लीतल्या एका घरी त्यांच्या मित्राला पाणी वरूनच ओतून देत, ही गोष्ट त्यांनी मला पहिल्यांदा तिथे, त्या पार्किंगमध्ये सांगितली. तो मित्र आता कुठे आहे, असं मी विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली.

ॲरन 1954 मध्ये मोठ्या लीगमध्ये आला, मिलवॉकी ब्रेव्ह्ज संघात. 1957 मध्ये संघाने न्यूयॉर्क यँकीजला हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम लढत, जिंकली आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ॲरन ठरला. मग 1966 मध्ये संघच मिलवॉकीहून अटलांटाला हलला. वर्णभेदाच्या दक्षिणेत परत जायला ॲरनचं मन तयार नव्हतं. काय वाढून ठेवलंय ते त्याला चांगलं माहीत होतं.

1973 चा हंगाम संपला तेव्हा तो 713 वर होता. एक कमी! पुढचा अख्खा हिवाळा त्याने त्या एका आकड्यासह काढला. त्या वर्षी त्याला लाखो पत्रं आली. बरीच प्रेमाची होती, पण रूथला मागे टाकलंस तर मारून टाकू, असं सांगणारीही ढिगाने होती. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात शिकणाऱ्या मुलीला पळवून नेण्याच्या धमक्या आल्या आणि एफबीआयला लक्ष घालावं लागलं. 1973 च्या सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर त्याने 711 वा होमरन मारला, तो बघायला किती लोक होते? 1,362. हा आकडा मला धमक्यांइतकाच लागतो.

4 एप्रिल 1974 ला सिनसिनाटीत नव्या हंगामाची सुरुवात झाली आणि पहिल्याच फटक्यात 714. त्या दिवशी किंग यांच्या हत्येला सहा वर्षं होत होती. मॅचआधी त्यांच्यासाठी क्षणभर शांतता पाळावी, अशी विनंती ॲरनने केली होती. ती मान्य झाली नाही. लोक त्याला शांत, नम्र, निमूट म्हणतात, तेव्हा मला ही विनंती आठवते. असा दिवस आयुष्यात एकदाच येतो, आणि त्या दिवशी त्याने स्वतःसाठी काही न मागता किंगसाठी शांतता मागितली. याला निमूट कसं म्हणायचं?

चार दिवसांनी अटलांटा. 53,775 प्रेक्षक. चौथी इनिंग, समोर लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर अल डाउनिंग, त्याच्याही पाठीवर 44. चेंडू डाव्या बाजूने कुंपणापार गेला आणि तिथे उभ्या असलेल्या टॉम हाउस या ब्रेव्ह्जच्याच पिचरने तो झेलला. ॲरन बेस पळत असताना दोन गोरी पोरं मैदानात घुसली आणि त्याच्या मागे धावायला लागली. प्रेक्षकांत त्याचा अंगरक्षक कॅल्विन वॉर्डलॉ बसला होता. दुर्बिणीच्या पेटीत पिस्तूल. ही पोरं मारायला आलीत की कौतुक करायला, हे त्याला एका क्षणात ठरवायचं होतं. त्याने पिस्तूल काढलं नाही. पोरांनी ॲरनच्या पाठीवर थाप मारली आणि निघून गेली. फेरी संपते त्या होम प्लेटवर त्याच्या आईने, एस्टेलाने, त्याला मिठी मारली. आई इतकं घट्ट धरू शकते हे आपल्याला त्या रात्री कळलं, असं तो पुढे सांगायचा.

1976 मध्ये 755 वर तो थांबला. 1982 मध्ये हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या यादीसाठी, 415 जणांनी मतं दिली, त्यातली 406 त्याला. नऊ जणांनी हा माणूस नाकारला, आणि मला आजही त्या नऊ जणांचं कोडं सुटत नाही. 2007 मध्ये बॅरी बाँड्सने 756 वा मारला. बाँड्सवर उत्तेजक औषधांच्या प्रकरणाची सावली होती. जाणूनबुजून काही घेतल्याचं त्याने नाकारलं, तरी लोकांची मनं दुभंगलेलीच राहिली. ॲरनने मात्र स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावरून त्याचं अभिनंदन केलं. खरा विक्रम अजून ॲरनचाच, असं अटलांटात अनेकजण म्हणतात. मी तसं म्हणत नाही. 762 हा आकडा बाँड्सचा आहे, तो पुस्तकात राहू दे. ॲरनचं मोठेपण एका आकड्याला टांगलेलं असतं तर ते 2007 मध्येच खाली आलं असतं.

निवृत्तीनंतर तो ब्रेव्ह्जच्या कचेरीत बसला, नवे खेळाडू घडवायचं काम पाहू लागला. व्यवस्थापनाच्या इतक्या वरच्या पदावर तेव्हा कृष्णवर्णीय माणूस क्वचितच दिसायचा, आणि हे तो जाहीरपणे बोलत राहिला. जानेवारी 2021 मध्ये, 86 व्या वर्षी, त्याने लोकांसमोर कोविडची लस घेतली, कृष्णवर्णीय समाजाची भीती जावी म्हणून. त्याच महिन्यात तो गेला. कृष्णवर्णीयांवर अत्याचार करणाऱ्या कु क्लक्स क्लॅन या संघटनेच्या एका पुढाऱ्याच्या नावाची इथे एक शाळा होती. त्या वर्षी तिला ॲरनचं नाव द्यायचं ठरलं. आणि त्याच वर्षी ब्रेव्ह्जने वर्ल्ड सिरीज जिंकली. हंगामाच्या मधल्या ऑल-स्टार सुट्टीआधी 44 विजय, नंतर 44.

आई-बाबा परत गेल्यावर महिन्याभराने, रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आई गणपतीच्या तयारीचं सांगत होती. मध्येच बाबांनी फोन तिच्या हातातून घेतला.

"अगं, ती धमकीची पत्रं. त्यानं जाळली का?"

"नाही बाबा. जपून ठेवली शेवटपर्यंत."

"बरं केलं," बाबा म्हणाले, आणि फोन परत आईकडे दिला.