जुन्या चराशेजारी नवा चर

पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका रो-हाऊस सोसायटीत सेप्टिक टँक बंद करून मैलापाण्याची लाइन रस्त्यावरच्या मुख्य चेंबरला जोडायची होती. लांबी 40 मीटर, पाइप 160 मिलिमीटरचा, उतार 1:80. म्हणजे शेवटपर्यंत पाइप अर्धा मीटर खाली उतरणार. त्यात जमीन रस्त्याकडे 30 सेंटिमीटर चढती, त्यामुळे चर एका टोकाला 1.1 मीटर तर दुसऱ्या टोकाला 1.9 मीटर खोल. देखरेख माझ्याकडे होती.

तीन ठेकेदारांचे दर आले होते. एकाने जेसीबीचा तासाचा दर दिला. तो स्वस्त दिसतो. पण तास यार्डातून गाडी निघाल्यापासून मोजायचा की बकेट जमिनीला लागल्यापासून, किमान किती तासांचं भाडं, दगड फोडायचा ब्रेकर लावला तर काय, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. दुसऱ्याने ‘सगळं मिळून’ एकच रक्कम लिहिली होती. कातळ लागला तर, माती कुठे टाकायची, टेकू कोण लावणार, सगळ्याला उत्तर एकच : ‘तेव्हाचं तेव्हा बघू.’ असली ‘बघू’ शेवटी बिलात येते. सोसायटीने काम दिलं ते तिसऱ्याला. रनिंग मीटरवर, म्हणजे चराच्या लांबीवर दर, बिलाच्या मापाची रुंदी ठरलेली 0.6 मीटर, कातळ आला तर घनमीटरवर वेगळा हिशेब, आणि दीड मीटरपेक्षा खोल भागाला फळ्यांचा टेकू त्याच दरात. हे शेवटचं कलम मी हट्टाने लिहून घेतलं होतं. आयएस 3764 या खोदकामाच्या सुरक्षेच्या भारतीय मानकातही हीच दीड मीटरची मर्यादा आहे.

बकेट दोन फुटी घेतली. एक फुटी बकेटने माती कमी निघते खरी, पण मग पाइपाच्या दोन्ही बाजूंना हात घालून भराव दाबता येत नाही आणि पाइप पुढे खचतो. सरासरी खोली दीड मीटर धरली तर 36 घनमीटर, म्हणजे पावणेतेरा ब्रास माती (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). उकरल्यावर ती पाव पटीने तरी फुगते, म्हणजे ट्रॉलीत सोळा ब्रास. ढीग चराच्या काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मा, यांतलं जे जास्त असेल तेवढा लांब हवा. गल्लीत तेवढी जागा नव्हती. म्हणून अर्धी माती बाहेर नेऊन परत आणायची ठरली आणि त्या वाहतुकीचा दर आधीच लिहिला गेला.

सकाळी काम झपाट्याने चाललं. वर दोन फूट काळी माती, खाली मुरूम, कातळ नाही. डम्पीने, म्हणजे पातळी मोजायच्या दुर्बिणीने, दर तीन मीटरला तळ तपासत होतो. ऑपरेटरने एका ठिकाणी दहा सेंटिमीटर जास्त खाल्लं, तिथे सैल माती परत न ढकलता क्रश सँड भरायला लावली. सैल मातीवर पाइप बसला की त्याला पोट येतं आणि मग मैला तिथेच साचतो.

चर अर्ध्यापुढे गेला आणि उजवी भिंत बदलली. डावीकडे बकेटच्या दातांचे स्वच्छ ओरखडे उमटत होते. उजवीकडे दात लागले की ढेकळं सुटत होती. काळी माती आणि मुरूम मिसळलेला, मध्येच विटेचा तुकडा, प्लास्टिकची पिशवी. ऑपरेटर म्हणाला, “साहेब, हा भराव आहे.” वॉचमनकाकांना विचारलं. ते सहज म्हणाले, “अहो, इथूनच पाण्याची जुनी लाइन गेलीय की. त्या व्हॉल्व्हपासून सरळ.” व्हॉल्व्हचं झाकण गेटाजवळ होतं, आपल्या आखणीपासून जेमतेम दोन फुटांवर. खाली काय आहे ते बघायला आधी घेतलेले चाचणीचे खड्डे आखणीच्या रेषेवरच होते. बाजूला काय आहे ते त्यांतून कसं कळणार? खोदण्याआधी कळवण्यासाठी 2023 पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे सरकारी ॲप आहे, पण सोसायटीच्या आवारातली स्वतःची लाइन त्यात कुठून सापडणार!

प्लंबर पाइप घेऊन खाली उतरायच्या बेतात होता. काठापासून हातभर अंतरावर पेव्हरच्या सांध्यात चराला समांतर एक बारीक रेघ दिसली. नाणं कडेने शिरेल एवढी, आणि तीन मीटरभर लांब. प्लंबरला वरच थांबवलं, जेसीबी मागे घ्यायला सांगितलं. ठेकेदार म्हणत होता, “अर्ध्या तासाचं जोडकाम आहे, उरकून घेऊ, फळ्या नंतर लावतो.” कराराचा कागद दाखवला तेव्हा कुठे त्याने टेम्पो मागवला. फळ्या उतरत असतानाच ती बाजू चरात बसली. लांबी तीन मीटर, उंची 1.6, जाडी अर्धा मीटर : चार टनांच्या आसपास माती. आवाज फारसा झालाच नाही, आणि जुना पाण्याचा पाइप उघडा पडून लोंबकळत राहिला.

कारण उघड होतं. दोन चरांच्या मध्ये मूळ मातीची पातळ पडदी तेवढी उरली होती आणि तिच्यामागे कधीच न दाबलेला भराव. आधी पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला, लोंबकळणारा पाइप आडव्या वाशाला दोरीने टांगला. ढासळलेली बाजू मशिनने एकास एक उतारात कापून काढली. बाकीच्या भागात दोन्हीकडे उभ्या फळ्या, त्यांना आडवे वासे आणि मध्ये स्क्रू जॅक, वरून खाली एकेक बसवत नेले. काढताना उलट : भराव जसा वर येईल तसा खालचा जॅक आधी.

पाइपाखाली 100 मिलिमीटर क्रश सँड, वर 300 मिलिमीटर दगडविरहित बारीक माल. खालचं टोक बंद करून पाणी भरलं, अर्धा तास पातळी हलली नाही, तेव्हाच सांधे झाकले. पुढे मुरूम 15 सेंटिमीटरच्या थरांत पाणी शिंपडून दाबला. जुन्या पाइपाखाली मशिन चालत नाही, तिथे हाताने धुम्मस.

बिलात ठेकेदाराने ढासळलेल्या मातीचं माप चढवलं. मापाची रुंदी ठरलेली असल्याने खोदाईचे पैसे वाढले नाहीत. जास्तीच्या मुरमाचे आणि वाहतुकीचे तेवढे दिले. पेव्हर पावसाळा उलटल्यावर बसवायचे ठरले, तोवर भराव दोन इंच उंच ठेवला.