आज सेंच्युरियनला चिखल फासला

किती वर्षांनी परत ब्रश हातात घेतलाय आणि आज अख्खा रविवार सेंच्युरियन रणगाड्याच्या १/३५ मापाच्या मॉडेलमध्येच गेला. प्रसंग पंजाबातल्या असल उत्तरच्या लढाईचा, भारत-पाक युद्ध, सप्टेंबर १९६५, आपल्या लोकांनी उसाच्या शेतांत पाणी सोडलेलं आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे त्यात रुतले, म्हणून खाली चाकांना ओला गडद चिखल अन् वर टरेटवर (तोफेच्या फिरत्या बुरुजावर) नुसती फिकट कोरडी धूळ. आधी ग्लॉस वार्निश, त्यावर ऑइल पेंटचा पातळ वॉश, तो फटीफटीत आपोआप धावतो ना, ते बघायला अजूनही तेवढीच मजा येते राव! रंग उडालेल्या जागा स्पंजच्या तुकड्याने, पण हात राखून, चालू लढाईतला रणगाडा म्हणजे काय भंगार नव्हे, हल्ली सगळे नुसता गंज थापतात. बायको म्हणे नवी वस्तू मळवायला एवढा वेळ?? 😄 ट्रॅक्स (चाकांवरचे पट्टे) उद्या.