डाव्या हाताचे अठरा पौंड

सहा वर्षं मी उजव्या हाताने धनुष्याची दोरी ओढली. माझ्या लिंबवर, म्हणजे धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पात्यांवर, ३६ पौंड लिहिलेलं होतं. दोरी ओढायला लागणारं हे वजन, आणि तिथवर पोचायला मला साडेतीन वर्षं लागली होती. पण नेम धरताना डावा डोळा मिटावाच लागायचा. उघडा राहिला की बाण हमखास बाजूला जायचा. शेवटी सरांनी दोन्ही तळहात जोडून मधे छोटी फट धरायला लावली. त्या फटीतून लांबचा पिवळा गोल बघायचा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. डावा मिटला की गोल फटीतून नाहीसा होई, उजवा मिटला तर जागचा हलत नसे. सर म्हणाले, "डावा डोळा वरचढ आहे तुझा. हात बदलून बघ. पण वजन निम्मं घे."

पहिलं वाक्य मी ऐकलं, दुसरं कानाआड केलं.

माझा हिशेब सरळ होता. डाव्या हाताने इतकी वर्षं धनुष्य पेललंय, म्हणजे त्यात ताकद आहेच. डाव्या हाताचा रायझर, म्हणजे धनुष्याचा मधला मुठीचा भाग, मिळाला, त्याला २६ पौंडांचे लिंब लावले. ३६ वरून २६ म्हणजे पुष्कळच खाली आले, असं मला वाटत होतं.

पहिले दहा-बारा बाण बरे गेले. मग सरांनी मोबाइलवर चित्रण करून दाखवलं, तेही फक्त बाणाच्या टोकाचं. पूर्ण ओढल्यावर टोक रेस्टवर, म्हणजे बाण टेकायच्या आधारावर, क्षणभर थांबतं, मग मिलिमीटर-मिलिमीटर पुढे सरकायला लागतं आणि सुटण्याआधी जवळजवळ बोटभर पुढे गेलेलं असतं. मला यातलं काहीच कळत नव्हतं. माझ्या मते मी स्थिर होते. आणखी एक गोष्ट दिसली: डावा खांदा कानाकडे चढलेला आणि मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलं. सगळा भार दंडावर होता, खवाट्याचे स्नायू कामालाच लागत नव्हते. डावा हात सहा वर्षं ढकलायला शिकला होता, ओढायला नाही. तीच गत उजव्याची. त्याला ढकलायची सवय नव्हती, कोपर खाली वळत नव्हतं, त्यामुळे सुटलेली दोरी दर चौथ्या-पाचव्या बाणाला हातावर बसायची. हातावर बांधलेल्या आर्मगार्डच्या वर, कोपराच्या आतल्या बाजूला हात काळानिळा पडला.

पंधरा दिवसांनी मी १८ पौंडांचे लिंब मागितले. कमीपणा वाटला, हे खरं आहे. शेजारी नवी मुलं तेच वजन ओढत होती.

लिंब वेगळे घ्यावेच लागतात. बोल्ट सैल करून थोडेफार पौंड कमी करता येतात, ३६ चे १८ होत नाहीत. दिलासा एवढाच की रिकर्व्हच्या, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या माझ्या धनुष्याच्या, लिंबना डावं-उजवं नसतं. डावं-उजवं असतं ते रायझरला. त्यामुळे माझे जुने ३६ चे लिंब फुकट गेले नाहीत, कधीतरी ह्याच डाव्या रायझरवर चढतील. दोरी ओढणाऱ्या बोटांवर घालायचा फिंगर टॅब मात्र डाव्या हाताचा नवीनच घ्यावा लागला.

लिंबवरचा आकडा हा २८ इंच ओढीचा, म्हणजे दोरी तेवढी मागे आणल्यावरचा असतो, आणि ओढ एक इंच कमी झाली की साधारण दोन पौंड कमी भरतात. उजव्या हाताने माझी ओढ २७ इंच होती. डाव्याने ती २६ च भरली, कारण खांदा अजून मागे जायला तयार नव्हता. म्हणजे १८ चे लिंब लावून माझ्या बोटांवर येत होते जेमतेम १४. दोरीला वजनकाटा लावून मोजल्यावर मला धक्काच बसला. इतक्या हलक्या धनुष्याची एक अडचण आहे: दोरी बोटांतून आपणहून निसटत नाही, बोटं उघडायचा मोह होतो आणि सुटका बिघडते. तरीही मला ते पत्करलं. सुटका नंतर सुधारता येते, चढलेला खांदा एकदा अंगवळणी पडला की महिनोन्‌महिने जात नाही.

जुने बाणही चालले नाहीत. बाण किती वाकतो हे सांगणारा आकडा म्हणजे स्पाइन. तो जितका मोठा तितका बाण लवचीक. ३६ पौंडांसाठीचे माझे बाण या वजनाला फारच ताठ होते. ते सगळे उजवीकडे पडायला लागले आणि दोन दिवस मी स्वतःच्या नेमाला दोष देत बसले. क्लबमधले नवशिक्यांचे लवचीक बाण घेतल्यावर ते मधे आले.

मग दोन महिने लक्ष्यावर गोल लावलाच नाही. तीन-चार मीटरवर नुसत्या गादीवर बाण मारायचे, ओढून झाल्यावर डोळे मिटून. दोरी हनुवटीला कुठे टेकते, तर्जनी जबड्याखाली कशी बसते, एवढंच बघायचं. शेवटी बाण न लावता ओढून वीस सेकंद धरायचं आणि दोरी न सोडता सावकाश परत आणायची. हात कुठे थरथरतो, कुठून थरथरतो, हे त्या वीस सेकंदांत जेवढं कळलं तेवढं सहा वर्षांत कळलं नव्हतं. पाचव्या आठवड्यात एकदा खवाट्यात दुखलं, दंडात नाही. त्या दिवशी मी घरी जाताना अक्षरशः हसत होते.

वजन कधी वाढवायचं याची माझी एकच खूण आहे. शेवटच्या वीस बाणांचं चित्रण पहिल्या वीसांसारखं दिसलं पाहिजे. तसं सलग दोन आठवडे दिसलं तेव्हा २२ चे लिंब घेतले. आता १८ मीटरवर दोन्ही डोळे उघडे ठेवून मारते आणि साइटचा, म्हणजे धनुष्यावरच्या नेम धरायच्या खुणेचा, ठिपका एकच दिसतो.

परवा कोणीतरी सहज २८ पौंडांचं धनुष्य हातात दिलं. ओढलं, सहज ओढलं गेलं. मग टोकाकडे बघितलं. ते किंचित पुढे सरकत होतं. दोरी हळूच परत आणली, बाण काढला आणि धनुष्य त्यांना देऊन टाकलं.