पावसाळा आणि चाळीसची लेन्स

पुण्यात पाऊस लागला की लॅबमधले मायक्रोस्कोप जपावे लागतात. आज मात्र दिवसभर एकच तक्रार, ४० एक्समधून (चाळीस पट मोठं दाखवणाऱ्या लेन्समधून) धूसर दिसतंय. बहुतेकदा कारण तेलच असतं. १०० एक्सच्या लेन्ससाठी स्लाइडवर तेल घालतात, आणि पाहून झालं की ती न पुसताच नोजपीस (लेन्स बसवलेली फिरती चकती) मागे फिरवतात. ४० एक्सची लेन्स कव्हर स्लिपपासून (नमुन्यावरच्या पातळ काचेपासून) जेमतेम अर्धा मिलिमीटर वर, ती तेलात बुडणारच. तेल लगेच लेन्स पेपरने टिपा, घासू नका. उरलेला थर पेपरवर थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन काढा. झायलीन हे द्रावक शक्यतो नकोच, लेन्स चिकटवलेलं सिमेंट त्याने सैल होऊ शकतं.

आणि हो, मायक्रोस्कोपच्या कव्हरखाली सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) ठेवाच. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर वाळवा. बुरशीने एकदा लेन्सचं कोटिंग खाल्लं की कितीही पुसा, डाग जात नाही.