लास वेगासच्या पोकर रूममध्ये जागा बदलायची असेल तर

वेगासच्या स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या रस्त्यावर, बेलाजिओ, विन, एरिया, व्हेनेशियन अशा बऱ्याच पोकर रूम आहेत. आमचा शनिवार पूर्ण त्यातच गेला. १-३ डॉलरचा नो लिमिट होल्डेम, म्हणजे पैजेला वरची मर्यादा नसलेला पोकर. १ आणि ३ डॉलर हे ब्लाइंड, दर डावाला पाळीपाळीने दोघांनी पानं बघण्याआधीच लावायचे सक्तीचे पैसे. वय २१ पूर्ण हवं, ओळखपत्र खिशात ठेवा. काउंटरवर नाव दिलं, जागा रिकामी झाल्यावर बोलावणं आलं, चौथी सीट मिळाली.

पानं वाटणाऱ्या डीलरच्या डाव्या हाताची सीट पहिली, तिथून घड्याळाच्या दिशेने मोजत उजव्या हाताची नववी. पहिलीवर बसलं की मधे डीलर येतो आणि नववीवरचा माणूस धड दिसत नाही. नजर अधू असेल तर पाचवी उत्तम, टेबलाच्या मधली सगळ्यांची समाईक पानं समोरच असतात.

माझी अडचण वेगळी होती. पाचव्या सीटवर, म्हणजे माझ्या लगेच डावीकडे, चिप्सचा डोंगर लावून बसलेला एक गडी दर दुसऱ्या डावाला रेझ करत होता, म्हणजे पैज वाढवत होता. पाळी डावीकडे सरकते, म्हणून माझी आधी आणि त्याची नंतर, हे महागात पडतं. असा खेळाडू आपल्या उजवीकडे हवा. त्याने काय केलं ते बघून आपल्याला ठरवता येतं. सबुरीने खेळणारे डावीकडे असले तर चालतात.

इथे महत्त्वाचं हे की जागा रिकामी होण्याआधीच मागून ठेवायची. डाव संपला की डीलरला फक्त "सीट चेंज प्लीज" म्हणा. कुठे तो सीट चेंजचं बटण, म्हणजे आपला नंबर दाखवणारी चकती, देतो, कुठे फ्लोअरवरचा माणूस (रूमची देखरेख करणारा) नाव लिहून घेतो. ज्याने आधी मागितलं त्याचा हक्क आधी, आणि टेबलावर बसलेल्यांचं झालं की उरलेली जागा बाहेरून येणाऱ्याला. माझ्या आधी एका वयस्क बाईंचं बटण होतं. सहावी सीट सुटली तेव्हा डीलरने आधी त्यांना विचारलं, त्या नको म्हणाल्या, मग मला. कोणी उठताना दिसला म्हणून त्याच्या खुर्चीकडे धावणं किंवा रिकाम्या जागेवर चिप फेकणं फार वाईट दिसतं, आणि ज्याचा नंबर आधी आहे त्याच्यावर तो अन्याय आहे.

मग ब्लाइंडचा प्रश्न. तो दर डावाला एक जागा डावीकडे सरकतो. पुढच्या डावाला बिग ब्लाइंड (३ डॉलरचा) माझ्यावर येणार होता आणि मी चौथीवरून सहावीवर, म्हणजे ब्लाइंडपासून लांब सरकत होतो. डीलरने दोन पर्याय दिले: ३ डॉलर आत्ताच पोस्ट करून, म्हणजे भरून, लगेच खेळा, नाहीतर ब्लाइंड तुमच्यापर्यंत येईपर्यंत थांबा. मी थांबलो. उलट दिशेला, ब्लाइंडच्या जवळ सरकलात तर बहुतेक ठिकाणी काही भरावं लागत नाही. हा नियम मला मनापासून पटतो, नाहीतर लोक जागा बदलून ब्लाइंड चुकवतच राहतील.

चिप्स आपल्या आपण रॅकमध्ये (चिप्सच्या ट्रेमध्ये) भरून न्या, सगळ्या न्या. एकही खिशात जाता कामा नये. त्याच खेळाच्या दुसऱ्या टेबलावर गेलात तरी हेच. मागे रांग मोठी असली की 'मस्ट मूव्ह' टेबल लावतात. तिथे बसलात तर मुख्य टेबलावर जागा झाली की क्रमाने जावंच लागतं, आवडतं टेबल म्हणून थांबता येत नाही. बसण्याआधी एवढं विचारून घ्या.

आणि का बदलताय ते टेबलावर सांगत बसू नका. "याच्या डावीकडे बसायचंय" असं बोललात तर त्या माणसाचा अपमान होतो आणि तो सावधही होतो. कोणी विचारलं तर "इथून पानं नीट दिसत नाहीत" एवढं पुरे. त्या गड्याने मला विचारलंच नाही, हसून थोडी खुर्ची सरकवली आणि पुढच्या डावाला पुन्हा रेझ केलं.