४०६० की ६७०० एक्सटी: दोन महिन्यांचा घोळ आणि शेवटी काय घेतलं

२०२३ च्या दिवाळीला नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायचं हे गणपतीतच ठरलं होतं, कुठलं घ्यायचं यावर मात्र मी आणि धाकटा भाऊ दोन महिने भांडत होतो. तो एनव्हिडिया या कंपनीच्या बाजूचा, मी आधी कुणाच्याच बाजूची नव्हते. पीसी दोघांचा मिळून एकच, संध्याकाळी तो मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळतो आणि रात्री जेवणं झाली की मी बसते, मला मोठे, गोष्ट असलेले ओपन वर्ल्ड गेम आवडतात, सावकाश फिरत फिरत खेळायला.

मशीन २०२० मधलं. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ४५० वॅटची पॉवर सप्लाय आणि ४ जीबीचं एक छोटं कार्ड. व्हॅलोरंटला त्या कार्डाने कधी त्रास दिला नाही, माझ्या गेमना मात्र दिला, आणि फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, कमी पडतात म्हणून नाही. सायबरपंक २०७७ मध्ये रस्त्याने चालताना भिंतीवरचं पोस्टर आधी नुसता चिखल दिसायचं, मी समोर जाऊन उभी राहायची, पाच-सहा सेकंदांनी अक्षरं उमटायची, आणि मान वळवून परत बघितलं की पुन्हा चिखल. टेक्श्चर, म्हणजे भिंती-वस्तूंवरची चित्रं, लो केली की हे थांबायचं पण मग सगळं शहरच पुठ्ठ्याचं वाटायचं. चिप अजून ओढत होती, मेमरी संपली होती. तेव्हाच मनाशी पक्कं केलं की पुढचं कार्ड घेताना व्हीआरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, आधी बघायची.

बजेट ३५ हजार. त्यात तीन कार्डं बसत होती. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६०, जून २०२३ मध्ये आलेलं, ८ जीबी, १२८ बिट बस (मेमरीकडे जाणाऱ्या रस्त्याची रुंदी), ११५ वॅट. एएमडीचं आरएक्स ७६००, त्याच्या महिनाभर आधीचं, तेही ८ जीबी, १२८ बिट, १६५ वॅट. आणि एएमडीचंच आरएक्स ६७०० एक्सटी, मार्च २०२१ चं म्हणजे तसं जुनंच, पण १२ जीबी, १९२ बिट आणि २३० वॅट. ७६०० तिघांत स्वस्त होतं पण माझ्या यादीतून लवकर बाद झालं, कारण त्यात ना ४०६० चं सॉफ्टवेअर ना ६७०० एक्सटीची मेमरी. सेकंड हँडचाही विचार केला होता, सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झाल्यावर वापरलेली कार्डं भरपूर आली बाजारात आणि भावही चांगले होते, पण कार्ड दोन वर्षं चोवीस तास कुठल्या खोलीत तापत होतं हे कळायला मार्ग नाही आणि वॉरंटी बहुतेकांची संपत आलेली. ते सोडून दिलं.

भावाचं म्हणणं साधं होतं, ४०६० नवीन आहे, वीज अर्धी खाते, डीएलएसएस (एनव्हिडियाचं अपस्केलिंग) आहे, फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम स्वतः बनवणं) आहे. हे सगळं खरंय. ११५ वॅटचा फरक, रोज दोन तास धरले तर वर्षाला साधारण ८४ युनिट होतात. आणि डीएलएसएस हा काही जाहिरातीतला शब्द नाही. १०८० पी वर अपस्केलिंग लावायचं म्हणजे कार्ड आतून अजून कमी पिक्सेलचं चित्र काढतं आणि उरलेलं भरतं, आणि या भरण्यात डीएलएसएस एएमडीच्या एफएसआर २ पेक्षा सरस आहे, गवत, केस, तारेचं कुंपण असल्या बारीक गोष्टींवर फरक डोळ्याला दिसतो. मित्राच्या घरी जाऊन दोन्ही शेजारी शेजारी बघितलं आणि भावाला प्रामाणिकपणे सांगितलं की इथे तू बरोबर आहेस. रे ट्रेसिंगमध्येही, म्हणजे प्रकाश आणि प्रतिबिंबं खऱ्यासारखी काढण्यातही, तेच.

मग मी घरातलं मशीन उघडून बसले, आणि इथून सगळं फिरलं. कारण तुलनेचे व्हिडिओ बघतो त्यातले पीसी आणि आपल्या टेबलाखालचा पीसी यात फार फरक असतो.

पहिली गोष्ट बोर्डाची. बोर्ड आणि कार्ड यांच्यातला डेटाचा रस्ता म्हणजे पीसीआय एक्सप्रेस, बी४५० वर तो ३.० पिढीचा आहे. ४०६० आणि ७६०० दोन्ही कार्डं त्या रस्त्याच्या सोळापैकी आठच लेन वापरतात. ४.० च्या बोर्डावर आठ लेन म्हणजे साधारण १६ जीबी प्रति सेकंद, ३.० वर त्याच्या निम्मे. एरवी गेम खेळताना हा फरक किरकोळ असतो, पण ८ जीबी भरली की कार्ड सिस्टिमच्या रॅममधून माल आणायला लागतं आणि तो माल याच रस्त्याने येतो. म्हणजे जिथे मेमरी कमी पडणार नेमका तिथेच रस्ताही अरुंद. ६७०० एक्सटी पूर्ण सोळा लेनचं कार्ड आहे, आणि १२ जीबी असल्यामुळे मुळात त्या रस्त्याने जायची वेळच कमी येणार. मार्च २०२३ मध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट १ पीसीवर आला तेव्हा ८ जीबीच्या कार्डांवर अल्ट्रा टेक्श्चरची काय अवस्था झाली होती ते आठवत असेल. नंतर पॅच आले, सुधारलं, पण मी कार्ड चार-पाच वर्षं वापरणारी आहे, दर दोन वर्षांनी बदलणारी नाही, आणि सेटिंग कमी करून फ्रेम वाढवता येतात तशी मेमरी मागाहून वाढवता येत नाही.

दुसरी गोष्ट मॉनिटरची, ही मला कुणीच सांगितली नव्हती. आमचा मॉनिटर १०८० पी, ७५ हर्ट्झचा, मागे एक व्हीजीए आणि एक एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट नाहीच. मेन्यूत फ्रीसिंक लिहिलेलं, ४८ ते ७५ हर्ट्झ, म्हणजे एवढ्या हद्दीत मॉनिटर आपला वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवून घेतो. असल्या साध्या फ्रीसिंक मॉनिटरवर एनव्हिडियाचं कार्ड लावलं तर हे जुळवणं (व्हेरिएबल रिफ्रेश) डिस्प्लेपोर्टवरूनच चालतं, एचडीएमआयवरून हवं तर मॉनिटर एचडीएमआय २.१ चा लागतो. एएमडीचं कार्ड मात्र साध्या एचडीएमआयवरूनही फ्रीसिंक चालवतं. म्हणजे ४०६० घेतलं असतं तर ही सोय वापरायला मॉनिटरही बदलावा लागला असता. माझ्यासारख्या ५० ते ७० फ्रेममध्ये खेळणाऱ्या माणसाला याचा फरक पाच-दहा जास्तीच्या फ्रेमपेक्षा मोठा पडतो, कॅमेरा फिरवला की चित्र फाटत नाही.

आता विरुद्ध बाजू. पॉवर सप्लाय ४५० वॅटची आणि तिला ६+२ पिनची एकच वायर. जे ६७०० एक्सटी मी बघत होते त्याला एक आठ पिन आणि एक सहा पिन लागत होती, आणि एएमडी ६५० वॅट सुचवते. म्हणजे सप्लायही बदलायची. शिवाय कार्ड मावेल का हाच प्रश्न होता, जुनं कार्ड तळहाताएवढं, हे जवळजवळ २८ सेंटीमीटर. मी आईच्या शिवणकामाची टेप घेऊन मोजलं आणि मग बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा २८ बाय १२ चा कापून स्लॉटच्या उंचीवर धरला. पुढच्या पंख्यापर्यंत दोन बोटं जागा उरत होती, पण हार्ड डिस्कचा पिंजरा मध्ये येत होता, तो चार स्क्रू काढून खाली सरकवला तेव्हा पुठ्ठा बसला. पुठ्ठ्याची कल्पना जरूर वापरा, टेपने मोजलं तरी पिंजरा आणि वायरी कुठे आडव्या येतात ते त्याशिवाय कळत नाही.

हिशोब असा झाला की ४०६० साडेएकोणतीस हजारांच्या आसपास आणि बाकी काही बदलायचं नाही, ६७०० एक्सटी साडेबत्तीस आणि सप्लायचे पाच, म्हणजे साडेसदतीस. बजेटच्या वर अडीच हजार. भाऊबीजेला भावाने ताटात पाकीट ठेवलं, त्यात बरोबर अडीच हजार होते. म्हणाला, घे तुझं बारा जीबी. दोन महिने माझ्याशी वाद घालून शेवटी हे केलं त्याने, मला खरंच भरून आलं.

भाऊबीजेनंतरच्या शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेलो, रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात म्हणून शनिवार. डोंबिवलीहून फास्ट, दादरला बदलून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोडला पूर्वेला उतरलं की चालत पोचता येतं. चार दुकानांत विचारलं. एका ठिकाणी मी विचारत होते आणि उत्तर भावाला मिळत होतं, तिथून लगेच निघालो. दुसऱ्या दुकानात कार्ड होतं, भावही बरा होता, पण सप्लायचं सांगितल्यावर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, नया सप्लाय क्यूं लेते हो, कन्व्हर्टर लगा के देता हूं, सब ऐसे ही चलाते हैं." सप्लायच्या मोलेक्स नावाच्या जुन्या, चार पिनच्या दोन वायरींतून कार्डाचं एक कनेक्टर बनवणारा तो कन्व्हर्टर. आठ पिनच्या वायरीतून १५० वॅटपर्यंत जाऊ शकतात, सहा पिनमधून ७५ आणि स्लॉटमधून ७५. एवढा भार जुन्या ४५० च्या पातळ वायरींवर टाकायचा म्हणजे वायर तापून वितळायची भीती, पाच हजार वाचवायला साडेबत्तीस हजारांचं कार्ड आणि बोर्ड पणाला लावायचं का? नाही म्हटलं. तिसऱ्या दुकानदाराने मी काही सांगायच्या आत स्वतःहून सप्लाय किती वॅटची आहे ते विचारलं, मग प्रोसेसर, मग कॅबिनेट. त्याच्याकडूनच दोन्ही घेतलं, जीएसटीचं पक्कं बिल, बिलावर सीरियल नंबर लिहून घेतला आणि खोका तिथेच त्याच्यासमोर उघडून नंबर जुळवला.

घरी आल्यावर घाई केली नाही. आधी सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर पूर्ण काढला, मग सप्लाय, मग कार्ड. दोन्ही पिनना वेगवेगळ्या वायरी लावल्या, एकाच वायरीचे दोन फाटे नाही. पहिल्या झटक्यात चालू झालं.

खरं घोडं अडलं ते रिसायझेबल बार या सेटिंगवर. एएमडीच्या कार्डांना याचा चांगला फायदा होतो, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसते. माझ्या बोर्डाला त्यासाठी बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागलं, मग त्यातलं अबव्ह ४जी डीकोडिंग ऑन, मग सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करायची सोय, बंद, आणि सीएसएम बंद केल्याबरोबर विंडोज गायब, बूट डिव्हाइस सापडत नाही. तोंडचं पाणी पळालं, रात्रीचे साडेअकरा आणि भावाचं कॉलेजचं प्रोजेक्ट त्याच डिस्कवर. झालं असं होतं की २०२० मध्ये विंडोज टाकताना डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची राहिली होती आणि सीएसएमशिवाय विंडोज बूट व्हायला जीपीटी ही नवी मांडणी लागते. सीएसएम परत ऑन केलं, विंडोज आलं, आधी प्रोजेक्ट आणि फोटो पेनड्राइव्हवर घेतले, आणि मग विंडोजमध्येच असते ती एमबीआर टू जीपीटीची कमांड चालवली, आधी व्हॅलिडेट, ते पास झाल्यावर कन्व्हर्ट. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ती कमांड पुढे जात नाही, माझी दोनच होती. दोन मिनिटांत झालं, काही उडालं नाही. कार्ड आणायच्या आधीच डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन आपली डिस्क कुठली आहे ते बघून ठेवा, माझी ती रात्र वाचली असती.

खेळताना काय फरक? टेक्श्चर हाय, बाकी बरंचसं हाय, रे ट्रेसिंग बंद. पोस्टर मी चालत पोचायच्या आधी वाचता येतं. गर्दीच्या बाजारात फ्रेम ६० च्या खाली जातात, पण तेव्हा कार्ड निम्मं रिकामं बसलेलं असतं, तिथे ३६०० कमी पडतो.

एक गोष्ट मात्र हिशोबात धरायची राहून गेली, यूपीएस, लाइट गेल्यावर बॅटरीवर पीसी चालू ठेवणारा. आमचा ६०० व्हीए चा, मागे बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलेलं. मे महिन्यात एका संध्याकाळी लाइट गेली आणि पीसी त्याच क्षणी बंद, आधी सात-आठ मिनिटं मिळायची. बेरीज केली, कार्ड २३०, प्रोसेसर ८८ पर्यंत जातो, मॉनिटर पंचवीसेक, बोर्ड-डिस्क-पंखे मिळून चाळीस, झाले ३८३, वर सप्लाय स्वतः खाते ती वीज वेगळीच. अॅड्रेनालिनमध्ये (एएमडीच्या कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये) कार्डाचा वॅटचा आकडा १८० च्या आसपास दिसायचा म्हणून मी निर्धास्त होते, पण या पिढीच्या कार्डांत तो आकडा अख्ख्या कार्डाचा नसतो. नवीन यूपीएस घेण्याआधी फ्रेम ७२ वर लॉक केल्या, तसंही मॉनिटर ७५ चा आहे आणि फ्रीसिंकच्या हद्दीत राहायला हेच योग्य, आणि कार्डाचं व्होल्टेज १२०० मिलिव्होल्टवरून हळूहळू ११३० पर्यंत आणलं, दर वेळी अर्धा तास खेळून बघत. आता तो आकडा ११० च्या जवळपास असतो, पंख्यांचा आवाज निम्मा झाला, आणि जूनमध्ये दोनदा लाइट गेली तेव्हा सेव्ह करून नीट बंद करायला वेळ मिळाला.

जुनं कार्ड सांगलीच्या मामेभावाला दिलं. त्या कार्डाला सप्लायची वेगळी वायर लागत नाही, त्यामुळे त्याच्या साध्या ऑफिसच्या पीसीत ते सरळ बसलं, आणि तो आता रोज रात्री माझ्या भावाबरोबर व्हॅलोरंट खेळतो.